‘लाँग नेक व्हिलेज’चे तिकीट नेमके कोणाच्या खिशात जाते?

विचारणा थोडक्यात अशी. डिसेंबरात एक कुटुंब थायलंडला निघाले आहे. सोबत आईवडील, नऊ वर्षांची मुलगी आणि तेरा वर्षांचा मुलगा. चियांग माईच्या हॉटेलने अर्ध्या दिवसाची सहल सुचवली आहे: हत्ती, ऑर्किडची बाग आणि ‘लाँग नेक कारेन व्हिलेज’, म्हणजे गळ्यात पितळेचे वेटोळे घालणाऱ्या, लांब मानेच्या दिसणाऱ्या बायकांचे गाव. इंटरनेटवर एक जण लिहितो की ते माणसांचे प्राणिसंग्रहालय आहे, जाऊ नका. दुसरा लिहितो की त्या बायकांचे पोट त्यावरच आहे, न जाणे हीच क्रूरता. मुलांना न्यावे का?

मी बरीच वर्षे उत्तर थायलंडमध्ये मराठी माणसांचे छोटे गट नेतो आणि हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक गटात निघतो. आधी उत्तर देऊन टाकतो. अर्ध्या दिवसाच्या सहलीतल्या त्या थांब्याला जाऊ नका. हाताशी तीन दिवस जास्तीचे असतील तर मे होंग सोनला जा, तिथून होडीने हुआय पू केंग या त्यांच्या गावाला, आणि जमल्यास रात्र तिथेच काढा. तेवढा वेळ नसेल तर हा विषय या खेपेला सोडून द्या. चियांग माईत बघण्यासारखे भरपूर आहे.

असे का, ते सांगायला जरा जागा लागेल. लोक सहसा गळ्यातल्या पितळेवरून वाद घालतात, आणि तिथेच अडकून पडतात.

म्हणून पितळेचे आधी उरकून घेऊ. ती सुटी कडी नसतात. पितळेची एकच जाड सळी गळ्याभोवती वेटोळी घालून बसवलेली असते. मुलीला साधारण पाचव्या वर्षापासून लहान वेटोळे घालतात आणि पुढे वयानुसार ते काढून मोठे बसवतात. वजन काही किलोंपर्यंत जाते. त्या भाराने गळपट्टीची हाडे आणि वरच्या बरगड्या खाली दबतात, म्हणून मान लांब दिसते; मानेचे मणके काही लांबत नाहीत. ‘वेटोळे काढले तर मान मोडते’ हे गाइड हमखास सांगतो आणि ते खोटे आहे. काढल्यावर काही दिवस मान अशक्त वाटते, त्वचेवर वण दिसतात, बस्स. अनेक बायकांनी ती काढलेली आहेत. ही प्रथा का सुरू झाली याच्या गोष्टी वाघापासून सौंदर्यापर्यंत हव्या तेवढ्या मिळतील. पर्यटकाला जी आवडते ती सांगितली जाते, आणि सांगणाऱ्या बाईलाही त्यात थोडी मजा वाटत असते.

आता ही माणसे कोण, ते बघू. पाट्यांवर ‘कारेन’ लिहिलेले असले तरी हे लोक स्वतःला कयान म्हणवतात. कारेन्नी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समूहांपैकी ते एक. त्यांचा मूळ मुलूख म्यानमारमधले काया राज्य: लोइकॉ, डेमोसो हा भाग. त्यांच्या बायकांना तमाशा म्हणून दाखवणे हा काही थायलंडचा शोध नव्हे. १९३०च्या दशकात बर्ट्रम मिल्स सर्कसने कयान बायकांना इंग्लंडमध्ये नेऊन तिकीट लावून दाखवले होते. थायलंडमध्ये त्या आल्या १९८०च्या दशकात, म्यानमारचे लष्कर आणि कारेन्नी बंडखोर यांच्या लढाईतून पळून. सीमेच्या या बाजूला मे होंग सोन हा डोंगराळ, गरीब प्रांत. हजारो निर्वासित आले, त्यांपैकी मोजक्या बायकांच्या गळ्यात पितळ होते. स्थानिक टूरवाले, अधिकारी आणि खुद्द कारेन्नी संघटना या तिघांनाही एकाच वेळी कळले की या बायका बघायला लोक पैसे देतील. मग निर्वासितांच्या छावणीबाहेर त्यांच्यासाठी वेगळ्या वस्त्या उभ्या राहिल्या: नाय सोई, हुआय सुआ ताओ आणि पाई नदीकाठची हुआय पू केंग. सुरुवातीच्या काळात प्रवेशाच्या पैशातला वाटा बंडखोरांच्या तिजोरीतही जाई. ‘बिचारे आदिवासी विरुद्ध दुष्ट सरकार’ असे चित्र मनात असेल तर ते इथेच जरा खरवडून घ्या. त्यांच्यातल्याच बंदूकधारी लोकांनीही त्या बायकांच्या मानेवर हिशेब मांडला होता.

आता कागदपत्रे. थायलंडने १९५१च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही. त्यामुळे तिथल्या कायद्यात ‘निर्वासित’ म्हणून हक्क सांगता येत नाही. सीमेवर नऊ छावण्या आहेत. परवानगीशिवाय तिथून बाहेर पडलेला माणूस बेकायदा घुसखोर ठरतो. नागरिक नसलेल्याला जमीन घेता येत नाही, हवे ते काम करता येत नाही आणि हद्द ओलांडायची तर आधी परवाना लागतो. चियांग माईच्या कॉलेजात जायचे म्हटले तरी कचेरीत खेटे घालावे लागतात. थायलंडमध्येच जन्मलेल्या, थाई शाळेत शिकलेल्या, थाई गाणी गुणगुणणाऱ्या मुलांचीही यातून आपोआप सुटका होत नाही.

पर्यटनाच्या गावांत या सगळ्याला आणखी एक गाठ बसली. छावणीत राहिले तर निर्वासित म्हणून नाव लागे, परदेशात पुनर्वसनाची आशा राही, पण कमाई नव्हती. पर्यटनाच्या गावात राहिले तर कमाई होती, पण मग सरकार म्हणे, ‘तुम्ही कसले निर्वासित, तुम्ही तर धंदा करता.’

ही गाठ २००८ साली जगासमोर आली. न्यूझीलंड आणि फिनलंड काही कयान कुटुंबांना घ्यायला तयार होते. सुमारे वीस जणांचे काम झाल्यात जमा होते. थायलंडमधून बाहेर पडण्याचा परवाना तेवढा मिळेना. अधिकाऱ्यांचे म्हणणे असे की हे लोक छावणीबाहेर राहतात, पर्यटकांकडून चांगले कमावतात, म्हणजे ते निर्वासित नाहीतच. शेजारच्या छावणीतले त्यांचेच नातेवाईक विमानात बसून जात होते. ज्यांच्या गळ्यात पितळ नव्हते, त्यांना कोणी अडवले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने तेव्हा उघडपणे ‘मानवी प्राणिसंग्रहालय’ हा शब्द वापरला आणि पर्यटकांनी या गावांवर बहिष्कार घालावा असे सुचवले. एका तरुणीने निषेध म्हणून गळ्यातले वेटोळे काढून टाकले. पुढे तिला जाऊ दिले गेले. नाय सोईतली बरीच कुटुंबे त्या सुमारास छावणीत परतली, कारण विमान तिथूनच पकडता येणार होते. आज इंटरनेटवर जो ‘मानवी प्राणिसंग्रहालय’ वाद दिसतो, त्याला मोठा जोर या प्रकरणाने दिला. लोक शब्द उचलतात आणि त्यामागचा परवान्याचा झगडा सोडून देतात. पितळ घालणे अमानुष आहे असे तेव्हा त्या बायका म्हणत नव्हत्या. ‘आम्हाला जाऊ द्या’ एवढेच त्यांचे म्हणणे होते.

म्हणून कुठलेही असे गाव बघताना मी पहिल्यांदा हे पाहतो: इथल्या बाईला उद्या कंटाळा आला तर ती उठून जाऊ शकते का? जमीन कोणाची, फाटक कोणाचे, तिकिटाचे पुस्तक कोणाच्या हातात? पेहराव अस्सल आहे की नाही, घरे झावळ्यांची की पत्र्याची, हे प्रश्न पर्यटकाच्या करमणुकीचे आहेत.

मे होंग सोनच्या गावांत प्रवेशाला परदेशी माणसाकडून वर्षानुवर्षे अडीचशे बाथच्या आसपास घेतले जात. त्यातून वेटोळे घालणाऱ्या बाईला महिन्याला ठरावीक रक्कम मिळे. २००८च्या सुमारास ती साधारण १,५०० बाथ होती, आजच्या भावाने चार हजार रुपयांच्या आसपास. बाकी कमाई शाली, पितळी बांगड्या, लाकडी बाहुल्या विकून. चियांग माईजवळ, विशेषतः मे रिमच्या बाजूला, जी ‘गावे’ आहेत ती वेगळीच चीज आहे. खासगी जमिनीवर एका मालकाने आखा, लाहू, ह्मोंग, कयान अशा निरनिराळ्या समाजांची घरे ओळीने मांडलेली असतात. हे समाज मुळात एका गावात कधीच राहत नसत. डोंगराच्या वेगवेगळ्या उंचीवर त्यांच्या वस्त्या, भाषा वेगळ्या, देव वेगळे. तिकीट इथे जास्त, पाचशे बाथपर्यंत जाते, आणि ते मालकाचे. बायका पगारी किंवा नुसत्या विक्रीवर. मे होंग सोनहून त्यांना इथे आणतात ते शहर जवळ आणि गिऱ्हाईक जास्त म्हणून. मालक वाईटच असतो असे मी म्हणत नाही. काही ठिकाणी घर, वीज, मुलांची शाळा हे सगळे तोच बघतो. पण घर त्याचे, काम त्याचे आणि हद्दीबाहेर पडायच्या परवान्यासाठी अधिकाऱ्याला सांगणाराही तोच असेल, तर त्या बाईने पगारावरून हुज्जत घालायची कशाच्या जोरावर?

गावाच्या आतही सगळे समान नसतात, आणि सहलीच्या माहितीपत्रकात हे कधीच येत नाही. पितळ घातलेल्या बाईला महिन्याचे पैसे, न घातलेलीला कमी किंवा नाहीच. म्हणजे आईने मुलीच्या गळ्यात पहिले वेटोळे घालायचे की नाही हा प्रश्न परंपरेइतकाच महिनाखर्चाचा होतो. म्यानमारमधल्या गावांत ही प्रथा मागे पडत चालली असताना थायलंडमध्ये ती टिकली, त्याला पर्यटनाचा पैसा कारण आहे. दुसरीकडे, मिळवती बाई असल्यामुळे घरात तिचा शब्द चालतो. पुरुषांना बाहेर कायदेशीर काम मिळणे कठीण. ते लाकूड कोरतात, गिटार वाजवतात, पोरे सांभाळतात आणि दुपारी कंटाळतात. बायकोच्या मानेवर घर चालते हे काहींना बोचते. तरुण मुली याबद्दल मोकळेपणी बोलतात. काही म्हणतात, ‘मला आवडते, मी घालणार.’ काही म्हणतात, ‘सीझनला घालते.’ काही कधीच घालत नाहीत आणि दुकानात आईशेजारी बसून फोनवर व्हिडिओ बघतात. त्यांना ‘बिचाऱ्या’ म्हणणाऱ्या पर्यटकावर त्या आपसात कशा हसतात, ते एकदा ऐकायला हवे.

मग बहिष्काराचे काय? २००८ला त्याला अर्थ होता. मागणी एकच होती, परवाना, आणि ज्यांच्यावर दबाव आणायचा ते पर्यटनाच्या पैशाला जपत होते. आज सरसकट बहिष्कार घातला तर फाटकाच्या मालकाचे फार बिघडत नाही. तो तिथे दुसरा धंदा टाकेल. बाईचे दुकान मात्र बंद पडते. हा अंदाज नाही, २०२०च्या मार्चनंतर थायलंडच्या सीमा बंद झाल्या तेव्हा हे प्रत्यक्ष झाले. पर्यटक शून्य, म्हणजे उत्पन्न शून्य. काही कुटुंबे चियांग माईहून मे होंग सोनला परतली, काहींनी सीमेपलीकडच्या नातेवाइकांचा विचार केला. त्याआधीच्या दशकात काया राज्यात शांतता होती, डेमोसोजवळच्या पान पेटच्या कयान गावांत पर्यटक जाऊ लागले होते, आपल्या गावी परतून पर्यटनावर जगता येईल अशी आशा होती. १ फेब्रुवारी २०२१च्या लष्करी उठावानंतर तोच भाग युद्धाच्या तोंडी गेला. २०२३च्या नोव्हेंबरात तर खुद्द लोइकॉ शहरात लढाई पोचली. त्यामुळे ‘यांनी परत आपल्या देशात जावे’ हा आपल्या गटातल्या एखाद्या काकांचा सल्ला आज निरर्थक आहे.

बदल होतो आहे तो कागदांच्या बाजूने. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी थाई मंत्रिमंडळाने दीर्घकाळ राहणाऱ्या अल्पसंख्याक समूहांना आणि त्यांच्या थायलंडमध्ये जन्मलेल्या मुलांना कायम वास्तव्य व नागरिकत्व लवकर देण्याचा मार्ग मंजूर केला. त्यात सुमारे ४ लाख ८३ हजार लोक धरले आहेत. त्यात कोण बसतो हे ज्याच्या-त्याच्या ओळखपत्राच्या प्रकारावर ठरते. २०२५च्या ऑगस्टमध्ये छावण्यांतल्या म्यानमारच्या निर्वासितांना बाहेर कायदेशीर काम करू देण्याचा निर्णय झाला. माझ्या मते गेल्या तीस वर्षांत पर्यटकांनी केलेल्या सगळ्या चर्चांपेक्षा या दोन निर्णयांनी जास्त फरक पडेल. बाईला दुसरे काम करता आले की मग ती पितळ घालून दुकानात बसली काय, न बसली काय, ते तिचे.

या ठिकाणी कोणीतरी अंदमानचे नाव काढतेच, म्हणून सांगतो: तिथल्या जारवा आदिवासींचे प्रकरण याच्या पंक्तीत बसवू नका. बाराटांगला जाताना अंदमान ट्रंक रोड जारवा राखीव क्षेत्रातून जातो. २०१२च्या जानेवारीत जारवा स्त्रियांना खाऊचे आमिष दाखवून नाचवल्याची चित्रफीत ब्रिटिश वृत्तपत्राने बाहेर काढली आणि गदारोळ झाला. सर्वोच्च न्यायालयाने त्या रस्त्याचा राखीव भागातला तुकडा बंद करा असे २००२ सालीच सांगितले होते. तिथे लोकांनी पर्यटकांना बोलावलेले नाही, ते काही विकत नाहीत, आणि बाहेरच्या साध्या रोगानेही त्यांचा जीव जाऊ शकतो. तिथे ‘थांबू नका, बघू नका, फोटो काढू नका’ एवढेच उत्तर आहे. सेल्युलर जेल बघून झाल्यावर गाडीवाला ‘जारवा दिखाता हूँ’ म्हणाला तर त्याला तिथेच गप्प करावे. कयान गाव वेगळे आहे. तिथले लोक गिऱ्हाईकाची वाट बघतात, त्यांना भाव कळतो, बहुतेकींना थाई येते, काहींना इंग्रजीही. प्रश्न एवढाच की धंद्यातला हिस्सा त्यांच्या हातात किती.

आता आपल्या बाजूचे. आपण गेलो की सत्ता आपल्याही हातात असते, आणि मराठी पर्यटक ती बहुधा दोन ठिकाणी वापरतो. एक, घासाघीस. हातमागावर विणलेली शाल दोनशे बाथला सांगितली की आपण शंभरला मागतो, कारण बँकॉकच्या चातुचाक बाजारात तसेच करतो. चातुचाकचा दुकानदार नाही म्हणू शकतो, शेजारी त्याची आणखी दोन दुकाने असतील. इथल्या बाईला त्या दिवशी तुम्हीच गिऱ्हाईक असता. मी गटाला सांगतो: भाव पटला तर घ्या, नाही पटला तर हसून पुढे जा. अर्थात, त्या शालींपैकी सगळ्या तिथे विणलेल्या नसतात. घाऊक बाजारातला मालही असतो. मागावर बसलेल्या बाईकडूनच, तिने चालवलेल्या मागावरची मागा. फरक हाताला कळतो.

दुसरे ठिकाण म्हणजे ड्रायव्हर. अर्ध्या दिवसाच्या सहलीत तो कुठे थांबतो हे पुष्कळदा कमिशनवर ठरते. म्हणून बुकिंग करतानाच विचारा: गावाचे तिकीट वेगळे आहे की टूरच्या दरात? गावातल्या लोकांना त्यातले काय जाते? गाव चालवते कोण? गावातली माणसे मुळात तिथलीच आहेत की आणलेली? चार प्रश्नांना ‘नो प्रॉब्लेम सर, व्हेरी ट्रॅडिशनल’ असे उत्तर आले की समजून घ्या. जाणकार एजंट निदान चिडेल तरी.

हुआय पू केंगची शिफारस मी का करतो? ते आदर्श गाव आहे असे मुळीच नाही. त्याच्याही मागे तीच लढाई, तीच कागदांची अडचण. पण गेल्या काही वर्षांत तिथे एका डच संस्थेच्या मदतीने गावकऱ्यांनी राहण्याची सोय आणि लहान कार्यशाळा सुरू केल्या आहेत: विणकाम, पितळकाम, लाकडावरचे कोरीव काम, स्वयंपाक. कोणाच्या घरी पाहुणे जायचे याच्या पाळ्या लावण्याची पद्धत आहे, त्यामुळे पैसे पितळ नसलेल्या घरांतही पोचतात, पुरुषांच्या हातातही पडतात. आणि तासभर एखाद्या बाईशेजारी बसून माग चालवायचा प्रयत्न केला की तुम्ही अडाणी आणि ती उस्ताद. बघणारा कोण आणि बघितला जाणारा कोण, हे तेवढ्या वेळापुरते उलटते. दहा मिनिटांत फोटो काढून व्हॅनमध्ये परत बसलात तर तसे काही होत नाही.

मुलांना जरूर न्या. तेरा वर्षांच्या मुलाला आधीच सांगा की ही माणसे युद्धातून आलेली आहेत आणि त्यांना पासपोर्ट नाही. ‘पासपोर्ट नसणे’ म्हणजे काय हे त्याला विमानतळावरच्या रांगेत उभे राहून आल्यावर पटकन कळेल. मुलीला तिथे मागून उघडणारी अर्धी पितळी वळी दिसतील. पर्यटकांनी घालून फोटो काढावा म्हणून ती ठेवलेली असतात. तिला घालायची असतील तर घालू द्या, त्यात कोणाचा अपमान नाही, पण आधी दुकानातल्या बाईला विचारा आणि काहीतरी विकत घ्या. बायकांचा फोटो विचारूनच. ‘वन मोअर, आँटी, स्माइल’ असे दहादा नको. आजोबा पाचशे बाथ पोरांच्या हातात कोंबू बघतील, त्यांना थांबवा. पैसे द्यायचेच असतील तर दुकानात खर्च करा. पोरांना हात पसरायची सवय लागली की त्याचा त्रास शाळेच्या मास्तरांना होतो.

प्रवासाचे सांगतो, कारण सोबत ज्येष्ठ आहेत. चियांग माई ते मे होंग सोन हा १०९५ क्रमांकाचा रस्ता पाई गावावरून जातो. त्यावर १,८६४ वळणे आहेत अशी ख्याती आहे आणि तसे लिहिलेले टी-शर्टही विकतात. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आत, पण गाडीला सहा तास धरा. आईला गाडी लागत असेल तर पाईला एक मुक्काम करा, गोळ्या इथूनच न्या. होडीचा धक्का मे होंग सोन शहरापासून जवळ आहे, पण काठावर उतरताना पायऱ्या निसरड्या असतात, वडिलांना हात द्यावा लागेल. शाकाहारी असाल तर होडीवाल्याकडून आदल्या दिवशीच निरोप पाठवा. भात, भाज्या, अंडी मिळतात, फिश सॉस घालू नका हे मात्र दोनदा सांगा. डिसेंबरात तिथल्या डोंगरांत रात्री चांगलीच थंडी पडते आणि बांबूच्या तट्ट्यांतून वारा आत येतो. पट्टाया-फुकेतचे कपडे भरताना प्रत्येकाचा एक स्वेटर आणि पायमोजे वेगळे काढून ठेवा.